ओट्याचा ग्रॅनाइट, पुस्तकाचा ग्रॅनाइट

ग्रॅनाइट हा फिकट रंगाचा, भरड दाण्यांचा अग्निज खडक असून त्यात क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार व अभ्रक ही खनिजे असतात, असे आपण वर्गात शिकवतो. त्याच वर्गातला एखादा विद्यार्थी घरी जातो, तेव्हा ज्याला सगळे घर 'ग्रॅनाइटचा ओटा' म्हणते तो कोळशासारखा काळा असतो. त्यात अभ्रक चमकत नाही आणि क्वार्ट्‌झ तर शोधूनही सापडत नाही. मुलगा चौकस असला तर दुसऱ्या दिवशी विचारतो, "सर, आमचा ग्रॅनाइट काळा कसा?" या प्रश्नाला शाळेत बहुधा दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक म्हणजे "दुकानदारांना शास्त्र कुठे कळते?" आणि दुसरे, "परीक्षेत पुस्तकातले लिही." पहिले उत्तर चुकीचे आहे. दुसऱ्यामुळे मूल एवढेच शिकते की पुस्तकातला दगड आणि घरातला दगड यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

बांधकामाच्या आणि शोभेच्या दगडांच्या व्यापारात जे शब्द वापरले जातात, त्यांचे परीक्षण करावे असा या लेखाचा हेतू आहे. परीक्षण म्हणजे नुसत्या चुका काढणे नव्हे. व्यापाराची परिभाषा ही भूशास्त्राची बिघडलेली नक्कल आहे, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. तो आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण इतिहास नेमका उलटा आहे.

शब्द कोणी कोणाकडून घेतले?

'मार्बल' हा शब्द लॅटिन 'मार्मर'वरून आणि तो ग्रीक 'मार्मारोस'वरून आला. झिलई घेणारा, चकाकणारा दगड एवढाच त्याचा जुना अर्थ. रोमन बांधकामात ज्याला ज्याला चकाकी आणता येई तो 'मार्मर'. त्यात आजचा संगमरवर होता, तसेच आजचा ग्रॅनाइट आणि पॉर्फिरीही होते. तोच ग्रीक शब्द फारसीत 'मरमर' झाला, त्याला 'संग' म्हणजे दगड हा शब्द जोडला गेला आणि 'संगे मरमर' आपल्याकडे येऊन 'संगमरवर' झाला. (आपण पुढे आणखी 'संगमरवरी दगड' म्हणतो, म्हणजे दगड दोनदा आला. भाषेला असली पुनरुक्ती चालते.) 'ग्रॅनाइट' हा इटालियन 'ग्रॅनिटो' म्हणजे 'दाणेदार' यावरून आलेला शब्द. पाथरवटाला दगडात जे दिसले ते त्याने सांगितले. खनिजांची यादी त्या शब्दात मागाहून भरली गेली.

जांभ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. फ्रान्सिस बुकॅनन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर १८०० साली मलबारमधून प्रवास करीत होता. अंगाडिपुरम येथे त्याने पाहिले की लोक जमिनीतून हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापून काढतात आणि हवेत ठेवल्यावर तो विटेसारखा कठीण होतो. स्थानिक भाषांत त्याला 'विटेचा दगड' या अर्थाचे नाव होते. बुकॅननने विटेला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, 'लॅटर', तो घेऊन 'लॅटराइट' हे नाव सुचवले. १८०७ साली त्याचे प्रवासवर्णन लंडनमध्ये छापले गेले आणि हा शब्द जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाला. म्हणजे ज्या शब्दाला आपण शास्त्रीय म्हणतो तो मलबारातल्या गवंड्यांच्या शब्दाचा सरळ लॅटिन अनुवाद आहे. कोकणात आणि गोव्यात ज्याला आपण 'चिरा' म्हणतो तो हाच दगड. दगडाला नाव द्यायचे तर तो कशासाठी वापरतात हे पाहावे, हा मार्ग इथे शास्त्रानेच पत्करला आहे.

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते शिक्षकांना हमखास भेटते. रस्त्यावर टाकायच्या खडीला ठेकेदार 'मेटल' म्हणतात. विदर्भात तिलाच गिट्टी म्हणतात. 'मेटल रोड' म्हणजे धातूचा रस्ता काय, असे मुले गमतीने विचारतात. पण लॅटिन 'मेटॅलम' आणि त्यामागचा ग्रीक शब्द यांचा मूळ अर्थ खाण असा होता. खाणीतून निघते ते मेटल. पुढे रसायनशास्त्राने शब्दाचा अर्थ आवळून तो धातूंपुरता ठेवला, आणि खडीच्या खाणीवर मात्र जुना, रुंद अर्थ तसाच राहिला. इथे 'चूक' कोणाची म्हणायची?

शास्त्राचे हातही या बाबतीत स्वच्छ नाहीत, हेही सांगून टाकावे. 'सायेनाइट' हे नाव इजिप्तमधील सायेनी म्हणजे आजचे आस्वान या गावावरून आले. अठराव्या शतकात जर्मन भूशास्त्रज्ञ वेर्नर याने ते नाव ड्रेस्डेनजवळच्या एका खडकाला लावले आणि त्या खडकावरून पुढे व्याख्या बनली. सायेनाइटमध्ये क्वार्ट्‌झ नसतो किंवा अगदी थोडा असतो. आस्वानचा प्रसिद्ध तांबूस दगड मात्र क्वार्ट्‌झने भरलेला आहे. म्हणजे ज्या गावाने नाव दिले त्या गावचा दगड आजच्या व्याख्येने सायेनाइट नव्हे, ग्रॅनाइट आहे. दुकानदाराने असे केले असते तर आपण त्याला हसलो असतो.

दुकानात दोनच कप्पे का?

आजच्या बाजारात शोभेचे दगड ढोबळमानाने दोन नावांखाली विकले जातात, मार्बल आणि ग्रॅनाइट. भूशास्त्रात शेकडो खडक आहेत आणि इथे दोनच कप्पे, हे पाहून शिक्षक नाराज होतात. पण हे कप्पे कशाने पाडले आहेत ते पाहा. मोह्‌सच्या कठिनतेच्या श्रेणीत कॅल्साइट ३ वर आहे, डोलोमाइट साडेतीन ते ४ वर. फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्‌झ ७ वर. काळ्या खडकांतले पायरॉक्सीन हे खनिजही साडेपाच-सहाच्या आसपास असते. पोलादी चाकूची धार साधारण साडेपाच. म्हणजे एका बाजूला चाकूने ओरखडणारे दगड आणि दुसऱ्या बाजूला चाकूलाच झिजवणारे दगड. कारखान्यात या दोन गटांसाठी पाती वेगळी, घासण्याचे दगड वेगळे, वेळ वेगळा आणि खर्चही वेगळा. काळा डोलेराइट ज्या यंत्रावर घासला जातो त्याच यंत्रावर गुलाबी ग्रॅनाइट घासला जातो. म्हणून तो 'ब्लॅक ग्रॅनाइट'. व्यापाराच्या भाषेत 'ग्रॅनाइट' म्हणजे चकाकी घेणारा, दाणेदार, कठीण, सिलिकेट खनिजांचा दगड. आणि 'मार्बल' म्हणजे चकाकी घेणारा, मऊ, बहुधा कार्बोनेटचा दगड. ही वर्गवारी जन्मकथेवर आधारलेली नाही, कामावर आधारलेली आहे. तिच्यातही एक शिस्त आहे.

ती नुसती तोंडी आहे असेही नाही. दगडांच्या परिभाषेचे अमेरिकन मानक, एएसटीएम सी ११९, व्यापारी ग्रॅनाइटमध्ये नीससारख्या खडकांना जागा देते आणि गॅब्रो, डायोराइट, डोलेराइट हे 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकले जातात याचीही दखल घेते. याउलट शैलविज्ञानाची आंतरराष्ट्रीय वर्गवारी काटेकोर आहे. क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार यांच्या एकूण प्रमाणात क्वार्ट्‌झ २० ते ६० टक्के असला पाहिजे आणि दोन प्रकारच्या फेल्डस्पारांचे प्रमाणही ठरावीक मर्यादेत असले पाहिजे, तरच तो खडक ग्रॅनाइट. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी बरोबर आहेत. वर्गात आलेल्या त्या मुलाला खरे उत्तर हेच द्यायला हवे: तुमचा ओटा कारखान्याच्या भाषेत ग्रॅनाइट आहे, भूशास्त्राच्या भाषेत बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो आहे, आणि एकाच शब्दाच्या या दोन भाषा आहेत.

सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' हा आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम जिल्ह्यातील चिमकुर्ती येथला दगड असाच गॅब्रोच्या कुळातला आहे. त्यातले ठिपके सोन्याचे तर नव्हेतच, अभ्रकाचेही नव्हेत. ते ब्रॉन्झाइट या पायरॉक्सीनचे आहेत. निळी झाक मारणारा 'ब्लू पर्ल' हा नॉर्वेतल्या लार्विक गावचा लार्विकाइट. दोन्ही ग्रॅनाइटच्या कप्प्यात विकले जातात, आणि त्यात गिऱ्हाइकाचे काही नुकसान होत नाही. दोन्ही कठीण आहेत, दोघांनाही लिंबाच्या रसाने सहसा काही होत नाही.

मग टीका करायची ती कुठे? जिथे नाव पाहून माणूस निर्णय घेतो आणि तो निर्णय त्या नावामुळेच चुकतो, तिथे. या कसोटीवर व्यापारातली नावे एकसारखी उतरत नाहीत.

गावाची नावे आणि उसनी गावे

महाराष्ट्रातल्या घरांत सर्वांत जास्त वापरलेल्या तीन दगडांची नावे गावांवरून आहेत. शहाबादी फरशी, कोटा आणि कडप्पा. शहाबाद कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, कोटा राजस्थानात (खाणी मुख्यतः रामगंज मंडीच्या परिसरात) आणि कडप्पा आंध्रात. मला ही नावे अतिशय प्रामाणिक वाटतात. ती फक्त मुक्काम सांगतात, जातीबद्दल दावा करीत नाहीत. आता गंमत अशी की तिन्ही दगड जातीने एकच आहेत, चुनखडक. शहाबाद-वाडीच्या परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच चुनखडकाच्या जोरावर. घरातली फरशी आणि तिच्याखालच्या सिमेंटचा कच्चा माल एकाच कुळातला, हे मुलांना सांगून पाहा. त्यांना ते पाठ करावे लागणार नाही.

पण या प्रामाणिक नावांत एक उणीव आहे. मुक्काम कळला तरी स्वभाव कळत नाही. कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर लिंबू कापून ठेवले, चिंचेचे पाणी सांडले, की तिथे पांढुरका डाग पडतो आणि तो पुसला जात नाही. गृहिणी म्हणते डाग पडला. खरे पाहता काही पडलेले नसते, उलट काही गेलेले असते. आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळले, कार्बन डायऑक्साइड निघून गेला आणि त्या जागेची झिलई उडाली. मोरीतली शहाबादी फरशी 'ॲसिड' टाकून स्वच्छ करणारे लोक दर वेळी तिचा एक पापुद्रा विरघळवीत असतात. 'कडप्पा'ऐवजी 'कडप्पा चुनखडक' एवढे दोन शब्द दुकानातल्या पाटीवर असते तर दहावी शिकलेल्या कोणालाही हे आधीच ओळखता आले असते.

याच्या उलट टोकाला उसनी गावे. 'काश्मीर व्हाइट' हा दगड काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा आहे. आणि तो ग्रॅनाइट म्हणून विकला जात असला तरी खरा गार्नेटचे लाल ठिपके असलेला रूपांतरित खडक आहे. इथे गावाचे नाव मुक्काम सांगण्यासाठी आलेले नाही, बर्फाची आठवण करून देण्यासाठी आले आहे. 'इटालियन मार्बल' हा शब्द तर आपल्याकडे परदेशातून आलेल्या जवळजवळ कोणत्याही फिकट, चकचकीत दगडाला लावतात, मग तो तुर्कस्तानचा असो की स्पेनचा. इटलीतून खरोखर आलेल्यांतही कराराचा दगड भूशास्त्राच्या अर्थाने संगमरवर आहे, तर बोत्तिचिनो हा घट्ट चुनखडक आहे, त्याचे रूपांतरण झालेलेच नाही. एरवी प्रामाणिक असलेली मुक्कामाची पद्धत जाहिरातीच्या हाती गेली की काय होते, त्याचा हा नमुना.

युरोपीय संघाच्या देशांत यावर एक उपाय शोधला गेला. ईएन १२४४० या मानकानुसार दगडाचे नाव सांगताना रूढ नाव, खडकाचे कूळ, ठरावीक रंग आणि मूळ ठिकाण अशा चारही गोष्टी सांगायच्या. व्यापाराचे नाव काढून टाकलेले नाही, त्याच्या शेजारी शास्त्राचे नाव बसवले आहे. मला हा उपाय शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने १९६९ सालीच संगमरवराची व्याख्या चुनखडकाच्या पुनर्स्फटिकीकरणाने बनलेला रूपांतरित खडक अशी दिलेली आहे. पण ती व्याख्या सरकारी निविदांच्या बाहेर फारशी पडली नाही. दुकानाच्या पाटीवर तर ती कधीच आली नाही.

हिरवा मार्बल, ओनिक्स आणि क्वार्ट्‌झ

ही तीन नावे मात्र मी निःसंकोच वाईट म्हणेन.

राजस्थानात उदयपूरजवळच्या ऋषभदेव भागातून येणारा 'ग्रीन मार्बल' हा कार्बोनेटचा दगड नाही. तो सर्पेंटिनाइट आहे, म्हणजे मॅग्नेशियमचे पाणीयुक्त सिलिकेट. चाकूने ओरखडतो आणि झिलई घेतो म्हणून तो मार्बलच्या कप्प्यात गेला. कारखान्याला हे सोयीचे असले तरी घर बांधणाऱ्याला नाही. या दगडाच्या पातळ लाद्या पाण्याने कालवलेल्या सिमेंटवर बसवल्या तर त्यांतल्या काही पाणी पिऊन वाकतात, कडा वर उचलतात. जाणते कारागीर त्यासाठी इपॉक्सीचा चिकटवा वापरतात, पण ज्याने 'मार्बल' हा शब्द ऐकून मकराण्याचा दगड बसवावा तशी लादी बसवली, त्याची फरशी वर्षभरात होडीसारखी होते. माझ्या ओळखीच्या एका शाळेत प्रवेशद्वाराजवळची शोभेची पट्टी अशीच उखडली आणि दोष गवंड्यावर आला. तो बिचारा नावाप्रमाणेच वागला होता. शिवाय काही सर्पेंटिनाइटांत क्रिसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. 'मार्बल' म्हणताच ही शंका मनात येण्याची वाटच बंद होते.

'ओनिक्स'चे तसेच. खनिजशास्त्रातला ओनिक्स म्हणजे पट्टेदार कॅल्सेडनी, सिलिकाचा एक प्रकार, अंगठीत बसवण्याइतका कठीण. दुकानात मिळणारा पारभासक, मागून दिवा लावला की उजळणारा 'ओनिक्स' म्हणजे पट्टेदार कॅल्साइट. एकावर आम्लाचा परिणाम होत नाही, दुसरा लिंबाच्या थेंबाने फसफसतो. नाव उच्च कुळातले आणि स्वभाव खडूच्या जवळचा.

तिसरे नाव सर्वांत नवे आणि सर्वांत घातक आहे. 'क्वार्ट्‌झ' नावाने हल्ली जे ओटे विकले जातात तो खाणीतला दगड नाही. दगडाचा भुगा आणि राळ एकत्र दाबून केलेला तो कृत्रिम पत्रा आहे. त्यात ९० टक्क्यांहूनही जास्त क्वार्ट्‌झ असू शकतो. म्हणजे इथे नाव खोटे नाही, उलट अगदी खरे आहे. पण ऐकणाऱ्याला ते रंगाचे नाव वाटते, धोक्याचे वाटत नाही. त्यामुळे या शब्दावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

धुळीत काय आहे?

क्वार्ट्‌झची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात खोल गेली की तिथे वण तयार होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. मध्य प्रदेशात मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली करणाऱ्या कामगारांत, राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींत तो अनेक वर्षे माणसे मारीत आला आहे. राजस्थान सरकारने २०१९ साली या रुग्णांसाठी वेगळे धोरण जाहीर केले. ऑस्ट्रेलियात कृत्रिम दगडाचे ओटे कापणारे तरुण कामगार या रोगाने आजारी पडू लागले, तेव्हा त्या देशाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणे, विकणे आणि बसवणे यांवरच बंदी घातली.

आता आपल्या परिभाषेकडे पाहू. कापणाऱ्याच्या दृष्टीने दगडाचा पहिला प्रश्न 'कुठला' हा नाही, 'कठीण किती' हाही नाही. 'याच्या धुळीत मोकळा क्वार्ट्‌झ किती' हा आहे. शुद्ध संगमरवरात तो अत्यल्प. खऱ्या ग्रॅनाइटात वीस-तीस टक्के किंवा अधिक. धोलपूर, जोधपूरच्या वालुकाश्मात बहुतांश तोच. आणि काळ्या 'ग्रॅनाइट'मध्ये जवळजवळ नाहीच. म्हणजे एकाच 'ग्रॅनाइट' या नावाखाली धुळीच्या दृष्टीने अगदी वेगळे दगड आहेत. ओट्याला न बाधणारी ढिलाई इथे थेट छातीला भिडते.

इथे शिक्षकांनी सांभाळून सांगायची एक गोष्ट आहे. रासायनिक पृथक्करणात डोलेराइटमध्येही सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसते. मग तो धोक्याचा नाही का? पृथक्करणातली ती सिलिका पायरॉक्सीन आणि फेल्डस्पार यांच्या रेणुरचनेत गुंतलेली असते, स्वतंत्र क्वार्ट्‌झच्या कणांच्या रूपात नसते. साखरेतही कार्बन असतो आणि कोळशातही, पण चहात आपण कोळसा टाकत नाही. 'सिलिका' या एका शब्दाने रसायनशास्त्र आणि आरोग्यशास्त्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. परिभाषेचा हा दोष तर दुकानाचा नाही, आपलाच आहे.

आणि ज्या हत्याराने हे सगळे कापतात त्याचे नाव काय? 'मार्बल कटर'. हातात धरायच्या त्या छोट्या यंत्राने कारागीर दिवसभर मार्बल, ग्रॅनाइट, वालुकाश्म, क्वार्ट्‌झ असे जे समोर येईल ते कापतो, बहुतेक वेळा कोरडेच, नाकाला रुमाल बांधून. रुमाल दिसणारी धूळ अडवतो. रोग करणारे कण त्यातून सहज आत जातात. पाणी सोडून कापले तर धूळ पुष्कळ कमी होते, आणि योग्य प्रकारचा मुखवटा वेगळाच असतो. मोठ्या शहरांजवळच्या शाळांत या कारागिरांची मुले शिकतात. त्या मुलांना क्वार्ट्‌झ हे काचमण्याचे नाव म्हणून शिकवायचे की बाबांच्या कामाशी जोडून, हे शिक्षकाच्या हातात आहे.

आपले कोश काय करतात?

मराठीत भूशास्त्राची परिभाषा कष्टाने घडवली गेली आहे. विश्वकोशाने वालुकाश्म, पट्टिताश्म, सुभाजा, पिंडाश्म असे नेटके शब्द चालवले. पट्टिताश्म म्हणजे नीस, सुभाजा म्हणजे शिस्ट. दुसरा तर 'सहज भागला जाणारा' हा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अचूक पकडतो. या शब्दांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार अशी की ते कधी खाणीवर गेले नाहीत आणि खाणीवरचे शब्द कधी कोशात सन्मानाने बसले नाहीत.

खाणीवरचे शब्द काही कमी नेमके नाहीत. विहीर खणणारे ज्याला 'मांजऱ्या' म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा खडक म्हणजे वायूच्या पोकळ्यांत नंतर खनिजे भरलेला बेसाल्ट. त्यात पहार कशी चालते, पाणी कितपत लागते, हे सगळे त्या नावात येते. 'काळा पाषाण' म्हणजे घट्ट बेसाल्ट. 'मुरूम' हा झिजलेल्या खडकाचा शब्द इतका उपयुक्त ठरला की इंग्रजी अभियंत्यांनी तो जसाच्या तसा उचलला. डबर, खांडकी, चिरा, खडी, कच हे शब्द दगडाचा आकार आणि घडाई किती बारकाईने सांगतात! (मापांत मात्र गोंधळ आहे. 'ब्रास' म्हणजे खडी-वाळूसाठी शंभर घनफूट आणि फरशीसाठी शंभर चौरस फूट. एकाच शब्दाला दोन मिती. गणिताच्या शिक्षकांना आयते उदाहरण.) महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टने झाकलेला आहे आणि त्या बेसाल्टच्या नाना तऱ्हांना लोकांकडे शब्द आहेत. पाठ्यपुस्तकात मात्र बेसाल्ट हा एकच शब्द, एकाच ओळीत.

मुंबईत 'मालाड स्टोन' नावाचा पिवळसर दगड जुन्या इमारतींत भरपूर वापरला गेला. मुंबई बेटांचा दगड म्हणजे बेसाल्ट असे पाठ केलेला विद्यार्थी त्यालाही बेसाल्टच म्हणेल. पण तो बेसाल्टपेक्षा सिलिका अधिक असलेल्या लाव्हांच्या कुळातला आहे, आणि दख्खनच्या ज्वालामुखीतून एकाच जातीचा लाव्हा आला नाही याचा तो पुरावा आहे. व्यापाऱ्याचे 'मालाड' हे नाव इथे पुस्तकातल्या सरसकट नावापेक्षा अधिक माहिती जपून आहे.

शाळेत करण्याजोगे

कोणत्याही दगडाच्या दुकानामागे तुकड्यांचा ढीग असतो आणि ते मागितले तर फुकट मिळतात. दहा तुकडे आणावेत, प्रत्येकावर दुकानदाराने सांगितलेले नाव लिहावे, आणि मग चाकू, काचेचा तुकडा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल (नसल्यास लिंबाचा रस) आणि स्प्रिंगकाटा एवढ्यावर तास सुरू करावा. डोळ्याला चष्मा आणि पाठीशी शिक्षक हवेत, आणि तुकडे वर्गात घासू किंवा फोडू नयेत. कारण वर आले आहे.

कडप्पा, कोटा, शहाबाद, मकराणा फसफसतील. राजनगरचा पांढरा मार्बल बहुधा थंड सौम्य आम्लात गप्प बसेल, कारण तो डोलोमाइटचा असतो. चाकूने खरवडून थोडी पूड केली की तिथे हळूहळू बुडबुडे दिसतात. हिरवा 'मार्बल' चाकूने ओरखडेल, पण त्यातल्या कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा वगळता फसफसणार नाही. 'ओनिक्स' जोरात फसफसून आपले कूळ सांगून टाकील. राहिलेले दोन-तीन कठीण तुकडे काचेवर ओरखडा काढतील, ते ग्रॅनाइटच्या कप्प्यातले.

त्यांतला काळा कोणता आणि गुलाबी कोणता हे डोळ्यांनी दिसतेच, पण खरा फरक काट्यावर दिसतो. तुकडा दोऱ्याने बांधून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलावा. ३०० ग्रॅमचा गुलाबी ग्रॅनाइट पाण्यात सुमारे ११३ ग्रॅम हलका होतो, म्हणजे घनता साधारण २.६५. तेवढ्याच वजनाचा काळा तुकडा जेमतेम १०० ग्रॅमने हलका होतो, म्हणजे घनता ३ च्या जवळपास. लोह आणि मॅग्नेशियम असलेली खनिजे त्यात भरलेली आहेत, क्वार्ट्‌झ नाही. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवताना आपण लोखंडाचा गोळा वापरतो. त्याऐवजी ओट्याचे हे दोन तुकडे वापरले तर भौतिकीचा आणि भूगोलाचा तास एकत्रच होतो, आणि ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याला आपल्या घरच्या दगडाचे नाव स्वतःच ठरवता येते.